लाकूडचोरीचा खटला थुटापाशीच उभा राहतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सागाची तोड पकडल्याची बातमी आली की पाठोपाठ ‘कायदा कडक करा, दंड वाढवा’ अशी पत्रे येतात. त्यामागची तळमळ खरी आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मध्ये दंडाची मूळ मर्यादा १,००० रुपये होती. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या मूळ कलम २६ प्रमाणे राखीव वनातले झाड तोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. एका चांगल्या सागाच्या लठ्ठ्यापुढे असल्या रकमेची भीती कोणाला वाटणार? तरीही दंडाचा आकडा वाढवला म्हणजे चोरी थांबेल, हे मला पटत नाही. तस्कराला ज्याची धास्ती वाटावी अशी हत्यारे याच जुन्या कायद्यात आहेत. ती बोथट होतात ती पंचनाम्यात आणि मोजमापाच्या तक्त्यात. त्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे छापून येत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

पहिले हत्यार १९२७ च्या वन अधिनियमाचे कलम ६९. वनोपज सरकारचा की खासगी असा प्रश्न उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. म्हणजे माल आपला आहे हे दाखवण्याचा भार गाडीवाल्यावर. दुसरे, कलम ५२ खालची जप्ती, आणि तिच्या जोडीला महाराष्ट्राने घातलेले कलम ६१-अ. सरकारच्या मालकीचे लाकूड, चंदन, जळाऊ, कोळसा यांच्या गुन्ह्यात वापरलेली अवजारे, दोर, साखळ्या, होड्या, वाहने, बैल हे सारे सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा प्राधिकृत अधिकारी सरकारजमा करू शकतो. त्यासाठी फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ५०० रुपये कोणीही खिशातून काढून देईल. ट्रक गेला तर धंदा बसतो. पण मालाची जात, माप आणि जागा यांचे कागद एकमेकांशी जुळत नसतील, तर कलम ६९ चा आधारही सुनावणीत टिकत नाही. आणि ती जुळणी सुरू होते थुटापासून, म्हणजे तोडलेल्या झाडाच्या जमिनीत उरलेल्या बुंध्यापासून.

झाड नेले तरी थुट जागेवर राहते. ते खणून काढायला वेळ लागतो, म्हणून चोर त्यावर माती-पाला ओढतात किंवा जाळ करून ते काळे करतात. थुट सापडल्यावर पंचनाम्यात ‘सागाचे एक थुट आढळले’ एवढेच लिहिले, तर त्या कागदाला किंमत नाही. नियतक्षेत्र (एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा भाग), कक्ष (त्यातला क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांक, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, थुटाची जमिनीपासूनची उंची, कापणीच्या पातळीवरची गोलाई (घेर), काप कुऱ्हाडीचा की करवतीचा, आजूबाजूला ढलप्या आहेत की भुसा, शेंडा आणि फांद्या कोणत्या दिशेला पडल्या आहेत, खोडाचा किती लांबीचा भाग गायब आहे, हे सगळे त्याच दिवशी, त्याच जागी लिहायला हवे. सागाचा गाभा ताजा कापलेला असताना हिरवट सोनेरी दिसतो आणि हवा लागून काही दिवसांत तपकिरी होतो, बाहेरचे फिके लाकूड वेगळे ओळखू येते. कापाचा रंग लिहिला नाही, तर तोड कधीची हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. ‘थुट तीन वर्षांपूर्वीचे आहे’ असे बचाव पक्षाने म्हटले की उत्तर उरत नाही.

त्यानंतर थुट आणि पकडलेला लठ्ठा यांची गाठ घालायची. थुटाच्या वरच्या तोंडाची चार-पाच सेंटिमीटर जाडीची एक चकती कापायची आणि लठ्ठ्याच्या बुडाकडची तेवढीच दुसरी. वाढीच्या वलयांची संख्या आणि रुंदी, गाभा मधोमध आहे की एका अंगाला सरकलेला, पोकळी, चीर, बुंध्याला असलेल्या खाचा हे दोन्ही चकत्यांवर जुळले, तर तो पुरावा साक्षीदारासारखा फिरत नाही. चोर मधला वीतभर तुकडा काढून टाकतो तेव्हा तोंडे तंतोतंत बसत नाहीत. वलये आणि पोकळी मात्र तरीही बोलतात. जातीबद्दल वाद असेल तर बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था नमुन्यावरून लाकूड ओळखून देते. खैर आणि चंदनाच्या प्रकरणांत हे फार उपयोगी पडते. तिथे माल तासलेल्या गाभ्याच्या स्वरूपात मिळतो, साल उरलेली नसते आणि ‘हे बाभळीचे’ असे खुशाल सांगितले जाते.

मोजमापात होणारी चूक साधी आहे, पण तिने प्रकरण हमखास पडते. गोल लाकडाचा घनफळाचा प्रचलित हिशोब असा, की मधल्या गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. गोलाई १२० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर असेल तर ०.३० गुणिले ०.३० गुणिले ३, म्हणजे ०.२७० घनमीटर. त्याच लठ्ठ्याचे भूमितीने काढलेले खरे घनफळ ०.३४४ घनमीटर येते. जप्तीवेळी एकाने एका रीतीने मोजले आणि आगारात दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने, तर वीस लठ्ठ्यांच्या गाडीत दीड घनमीटरच्या आसपास फरक पडतो. ‘माल बदलला’ हा आरोप मग आपोआप तयार होतो. रीत कोणती वापरली आणि गोलाई सालीवरून घेतली की साल काढून, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहिले की तो प्रश्नच येत नाही. एवढी एक ओळ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक नगावर क्रमांक आणि जप्तीचा हातोडा, म्हणजे ठोकून उमटवलेली खूण, हवाच. जप्त मालावर खूण करण्याचे बंधन कलम ५२ मध्येच आहे. पण खूण केल्यावर माल वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या आवारात उघड्यावर दोन पावसाळे पडून राहतो. टोके फुटतात, वाळवी लागते, रंगाने घातलेला आकडा धुऊन जातो, आणि न्यायालयात मुद्देमाल दाखवायची वेळ येते तेव्हा कोणता नग कोणत्या गुन्ह्याचा हे कळेनासे होते. पत्र्याची कोरीव क्रमांकाची पट्टी दोन खिळ्यांनी ठोकावी आणि खाली ओंडके देऊन माल जमिनीपासून वर ठेवावा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरण १ जुलै २०२४ पासून बंधनकारक केले आहे. वनकर्मचाऱ्याच्या खिशातही मोबाइल असतो, त्याने चित्रीकरण करायलाच हवे. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) प्रमाणपत्र जोडले नाही, तर त्या चित्रफितीवर पहिली हरकत येणार. चित्रफीत व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवून मूळ फाइल पुसून टाकणे हा तर आपल्याच पायावर धोंडा.

पंचांचेही तसेच. त्याच त्या दोन माणसांच्या सह्या दहा गुन्ह्यांत दिसल्या की उलटतपासणी पाच मिनिटांत संपते. गावातला, जागा ओळखणारा माणूस पंच हवा. तो मिळत नसेल तर का मिळत नाही, याचे उत्तर त्या गावाशी असलेल्या खात्याच्या संबंधात शोधावे लागेल. त्याकडे पुढे येतोच.

आता मालकी लाकडाकडे, म्हणजे खासगी जमिनीतल्या झाडांकडे. जंगलातला साग रात्री चोरून न्यायचा हा जुना धंदा. नवा धंदा दिवसाढवळ्या, परवाना दाखवून चालतो. १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडे आहेत. स्वतःच्या शेतातले असे झाड तोडायलाही परवानगी लागते. शेतकरी सातबारा आणि नकाशा जोडून अर्ज करतो, शेताची हद्द जंगलाला लागून असेल तर मोजणी होते, झाडांची गोलाईसह यादी होते. प्रत्येक झाडावर छातीच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर एक आणि बुडाशी एक अशा दोन जागी खूण घालायची, ती यासाठी की तोड झाल्यावर बुडाची खूण थुटावर शिल्लक राहावी. मग तोड, मालाची मोजणी, नोंदवलेल्या मालकी हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना.

गडबड होते यादीत. समजा शेतात ३५ साग आहेत आणि यादीत ५० लिहिले. वरच्या १५ झाडांचा कागद हातात आला. झाडे शेजारच्या कक्षातून येतात. शिक्के खरे, परवाना खरा, गाडी नाक्यावरून सलाम घेऊन जाते. हे पकडायला मोठी यंत्रणा लागत नाही. तोड झाल्यावर शेतातली थुटे मोजायची आणि बुडाच्या खुणा यादीशी ताडायच्या. थुटाविना यादीतले झाड म्हणजे जंगलातले झाड. आणखी एक ताळा आहे. यादीत झाडाची छातीच्या उंचीची गोलाई ९० सेंटिमीटर असेल, तर त्या झाडाच्या लठ्ठ्याची मधली गोलाई ११० सेंटिमीटर होऊच शकत नाही. खोड वर जाताना बारीक होते. परवान्यासोबतचा मालाचा तक्ता आणि झाडांची यादी शेजारी ठेवून पाहिली तरी अशी नोंद डोळ्यांत भरते. मात्र दोन कागद दोन टेबलांवर असतात. यात बळी जातो तो बहुतेकदा आदिवासी खातेदार. त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, तो व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जावा लागतो. तरी सह्या एकाच्या आणि पैसा दुसऱ्याचा असे होते, आणि गुन्हा नोंदवायची वेळ आली की नाव सातबाऱ्यावरचेच लागते.

२९ डिसेंबर २०२३ पासून देशभर एकच ऑनलाइन वाहतूक परवाना पद्धत सुरू झाली. चांगलीच गोष्ट. क्यूआर कोडमुळे बनावट छापील परवाने अडतील. पण कोड खरा आहे एवढे पाहून फाटक उघडले, तर एका परवान्यावर दुसरी खेप सहज निघते. मुदत संपेपर्यंत कागद जिवंतच असतो. पहिल्या नाक्यावर वेळ टाकायची, नग मोजायचे, दोन-तीन लठ्ठ्यांचे क्रमांक आणि गोलाई तक्त्याशी पडताळायची. पाऊण तासाचे काम. ते रात्री दोन वाजता एकट्या वनरक्षकाने कसे करायचे, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे. रात्रीच्या गुन्ह्याला कायदा अधिक गंभीर मानतो. सूर्यास्तानंतर, प्रतिकाराची तयारी करून, किंवा पूर्वी शिक्षा झालेल्याने पुन्हा केलेल्या वाहतूक गुन्ह्याला दुप्पट शिक्षेची तरतूद नियमांत करता येते, असे कलम ४२ सांगते. म्हणून गाडी पकडल्याची नेमकी वेळ पंचनाम्यात हवी. ‘रात्रीच्या सुमारास’ चालणार नाही.

आरागिरण्यांबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशापासून विनापरवाना गिरण्यांवर टाच आली. परवानाधारक गिरणीत आवक-जावक वही असते, पण ती एकटी तपासून काही निघत नाही. गोल लाकडातून कापीव माल साधारण निम्म्याच्या वर-खाली निघतो. आवक, जावक, शिल्लक आणि विजेची युनिटे यांचा मेळ घातला की वहीबाहेरची कापणी लपत नाही.

सिरोंच्याच्या बाजूला वाट रस्त्याची नसून नदीची आहे. प्राणहितेला पाणी चढले की लठ्ठे बांधून सोडायचे आणि पलीकडे तेलंगणात काढायचे. माणूस सापडला नाही म्हणून हात टेकायचे कारण नाही. वाहून आलेले, काठाला लागलेले, बुडालेले किंवा खूण खोडलेले लाकूड कलम ४५ प्रमाणे मालकी सिद्ध होईपर्यंत सरकारचे. जाहीर नोटीस काढून दावेदारांना दोन महिन्यांपेक्षा कमी नाही इतकी मुदत द्यायची. ती नोटीस वेळेत निघाली नाही, तर माल नुसताच कुजतो.

गाडी सरकारजमा करण्याच्या आदेशात काय बिघडते, तेही सांगतो. कलम ६१-ब प्रमाणे ज्याच्याकडून जप्ती झाली त्याला आणि वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते. मालकाने सिद्ध केले की वाहन त्याच्या, त्याच्या हस्तकाच्या आणि चालकाच्या नकळत वापरले गेले आणि तिघांनीही वाजवी खबरदारी घेतली होती, तर वाहन सरकारजमा होत नाही. नोटीस फक्त चालकाला दिली आणि मालकाला नाही, मालकाच्या खुलाशावर आदेशात एक वाक्यही लिहिले नाही, की ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आणि आदेश रद्द. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले, की वनगुन्ह्यातली वाहने सहजासहजी सोडू नयेत. २०१७ साली मध्य प्रदेशातल्या प्रकरणात सरकारजमा करण्याची कार्यवाही फौजदारी खटल्यापासून स्वतंत्र असल्याचे मान्य केले. एवढा आधार पाठीशी असताना आदेश टिकत नसेल, तर दोष कायद्याला देता येत नाही.

मुदतीचे भान तर फारच थोड्यांना असते. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, त्याची तक्रार एका वर्षात न्यायालयात दाखल झाली नाही तर दखल घेता येत नाही; फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहाच महिने. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ पाहावे. ‘तपास सुरू आहे’ असा शेरा मारलेली नस्ती बारा महिने पडून राहिली, की चोर न्यायालयाची पायरी न चढताच सुटतो.

कलम ६८ ची तडजोड हा याच साखळीतला कमकुवत दुवा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या दर्जापासून वरचा अधिकारी रक्कम घेऊन गुन्हा मिटवू शकतो. सरपणाच्या मोळीसाठी ही सोय योग्यच आहे. ट्रकभर सागासाठी ती वापरली, तर दोन गोष्टी घडतात. एक तर पुढची कारवाई संपते. दुसरे म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद कुठेच होत नाही. तोच माणूस पुन्हा सापडला तरी कागदोपत्री तो पहिलटकर, म्हणून वाढीव शिक्षेची तरतूद त्याला लागूच होत नाही. बनावट हातोडा मारणे, खूण खोडणे हे कलम ६३ चे गुन्हे मात्र तडजोडीला पात्र नाहीत आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून लठ्ठ्यावरचा शिक्का खरा की खोटा, हे प्रत्येक प्रकरणात तपासलेच पाहिजे. अभयारण्यातली तोड असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम २९ लावायला विसरू नये. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

आणि ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती ही, की चोर आणि हक्कदार यांना एकाच मापाने मोजले जाते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ग) प्रमाणे परंपरेने गोळा केलेल्या गौण वनोपजाची मालकी, तो वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी समाजांचा आहे. बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख, औषधी वनस्पती सारे त्यात येते. सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी या मालाचा वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीकडे दिले, आणि गोळा करण्यावर रॉयल्टी नाही असे सांगितले. त्याआधीच २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीचे परवाना पुस्तक आले होते. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तिथे हजर होते. तरीही ग्रामसभेचा परवाना असलेली बांबूची गाडी ‘खात्याचा टीपी (वाहतूक परवाना) दाखवा’ म्हणून अडवली, तर तो कायद्याचा अंमल नव्हे. विनाकारण, त्रास देण्यासाठी केलेली जप्ती हा कलम ६२ खालचा गुन्हा आहे, तोही सहा महिन्यांच्या कैदेचा. या हक्कात लाकूड येत नाही हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्रामसभेच्या परवान्यावर सागाचे लठ्ठे जाऊ शकत नाहीत. पण डोईवर मोळी घेऊन निघालेल्या बाईवर गुन्हा नोंदवून महिन्याचा आकडा पुरा करणारा माणूस त्या गावातून पंच कुठून मिळवणार? रात्री करवत चालल्याची पहिली खबर गावालाच लागते. ती नाक्यापर्यंत पोहोचते की नाही, हे गावाला दिवसा कसे वागवले जाते त्यावर ठरते.

खात्याकडून मागणी एवढीच, की प्रत्येक नियतक्षेत्राची थुट नोंदवही दर तीन महिन्यांनी संबंधित ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यात थुटाचा क्रमांक, कक्ष, गोलाई, गुन्हा क्रमांक आणि माल मिळाला की नाही हे असावे. सोबत मालकी तोडीच्या परवानग्या गट क्रमांक आणि झाडांच्या संख्येसह लावाव्यात. कोणाच्या शेतात किती साग होते, हे गावाला तलाठ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. ‘पाच लाखांचे सागवान जप्त’ ही बातमी छापताना वार्ताहराने प्राथमिक गुन्हा अहवालाचा क्रमांक मागावा. थुटे सापडली का, गाडीच्या मालकाला कलम ६१-ब ची नोटीस गेली का, हे विचारावे. आणि अकराव्या महिन्यात त्याच कार्यालयात जाऊन तक्रार न्यायालयात दाखल झाली का, तेही विचारावे व उत्तर छापावे.

आपला,
वनखात्यातून निवृत्त झालेला एक वाचक,
चंद्रपूर